बंपरचा उजवा कोपरा

रंगाचा डबा घेऊन सूनबाई शेडमध्ये शिरली तेव्हा साडेदहा वाजले होते. डबा खाली ठेवता ठेवता तिनं सवयीनं मागच्या बंपरवरून हात फिरवला, आणि उजव्या कोपऱ्यापाशी तो हात घसरला. जिथे बोटांना खरखर लागायला हवी होती तिथे उकडलेल्या अंड्यासारखं गुळगुळीत लागत होतं.

तिला आधी वाटलं, डबा धरून बोटं बधिर झाली असतील. तिनं हात झटकला, पुन्हा फिरवला. मग बंपर लाकडी घोड्यांवरच थोडा उजेडाकडे वळवला. कोपऱ्यावरचा वीत-दीड वीत भाग साफ तासून काढला होता. प्लास्टिकवरचा बारीक दाणा, कातडीवर असतो तसला, तिथे नावालाही उरला नव्हता. खाचेत अजून राखाडी पाणी साचलेलं होतं.

हे कुणी केलं हे शोधायला तिला कुठे जावं लागणार नव्हतं. फळीवर जुन्या चपलेची टाच होती, पॉलिशपेपर गुंडाळून घासायची. नेहमीच्याच जागी, नेहमीसारखी आडवी, पण ओली.

ती टाच अख्ख्या दुनियेत एकच माणूस वापरत होता, आणि तो या घडीला दाराबाहेर खुर्ची टाकून, शेडकडे पाठ करून, रस्त्यावरची रहदारी ऐकत बसला होता.

त्या माणसाला, म्हणजे सूनबाईच्या सासऱ्यांना, सगळा रस्ता आरसेमास्तर म्हणायचा. गाड्या पत्र्याच्या होत्या त्या काळात त्यांनी रंगवलेल्या दारात बघून बायका केस सारखे करत. लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची, आणि डोळे मिटून हात फिरवायचा. "बोटाला काही अडलं, तर काम झालेलं नाही," हे त्यांचं शास्त्र. अकरा वर्षांपूर्वी घरात आलेल्या सुनेला त्यांनी हे शास्त्र शिकवलं. मुलगा मालट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर असायचा, त्याला रंगाचा वाससुद्धा सोसायचा नाही. सून मात्र पहिल्याच आठवड्यात जिना उतरून खाली आली आणि म्हणाली, "मामंजी, मी घासू का?" त्याआधी ती कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर गुंड्या लावायची. तिला तिथे परत जायचं नव्हतं. पहिला थर वाळून रंग जेव्हा खोल होतो, तेव्हा तिचा जीव जसा भरून यायचा तसा दुसऱ्या कशानंच येत नसे.

मग बघता बघता गाड्यांना प्लास्टिकचे बंपर येऊ लागले. काळे, खरखरीत, उन्हात दोन वर्षांत राखेसारखे पांढुरके पडणारे. आरसेमास्तर त्यांना "बादल्या" म्हणायचे आणि बोटही लावत नसत. "बादलीला कुणी रंग देतं का? गिऱ्हाइकाला सांग, नवी बादली घे." आणि त्याच सुमारास त्यांच्या डोळ्यांवर सायीसारखा पडदा धरू लागला. ते कुणाला बोलले नव्हते, पण चहाचा कप उचलताना आधी हात बशी शोधायचा, हे घरात सगळ्यांना दिसत होतं.

शेजारच्या टायरवाल्यालाही दिसत होतं. त्याला दोन गाळे एक करायचे होते. गेले तीन महिने तो रोज संध्याकाळी येऊन खुर्चीच्या हातावर टेकायचा. "मास्तर, आता आराम करा. किती दिवस ओढणार?"

मागच्या आठवड्यात जेवताना आरसेमास्तरांनी एकदम घास खाली ठेवला.

"सूनबाई, दातांच्या डॉक्टरांची गाडी आली आहे ना, ती बादल्यांची? ते काम तू एकटीनं कर. मी आत पाऊल टाकणार नाही, कशाला हात लावणार नाही. तूही मला काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. विचारलंस की हरलीस. मी नसताना कुणाला विचारशील? डॉक्टरांनी खोट न काढता गाडी नेली, तर शेडची किल्ली तुझी. एक जरी खोट काढली, तर त्याच संध्याकाळी टायरवाल्याला हो म्हणतो."

"आणि मुलाला नाही विचारायचं?" सासूबाई म्हणाल्या.

"तो काय म्हणणार आहे? बाबा म्हणतील तसं. लहानपणापासून त्याला दुसरं वाक्यच येत नाही."

सूनबाईनं मान डोलावली होती. दातांच्या डॉक्टरांना ती ओळखत होती. त्यांनी गाडी देताना बोटाचं नख बंपरवरून ओढून दाखवलं होतं. "ताई, हा दाणा दिसतोय ना? तो तसाच राहिला पाहिजे. माझ्या मित्राच्या बंपरला एकानं असा जाड रंग फासला की सगळा दाणा बुजला, वर पंधरा दिवसांत सालं निघाली. मला रंग हवाय, लेप नको. आणि हो, मी बारकाईनं बघतो. सवय आहे."

म्हणून तिनं रंगाच्या दुकानात तासभर उभं राहून सगळं विचारून घेतलं होतं. प्लास्टिक पत्र्यासारखं घासायचं नाही. साबणाच्या पाण्यानं, मऊ ब्रशनं दाण्यादाण्यातला मळ काढायचा, मग घासणीच्या करड्या चोथ्यानं हलकं हलकं चोळायचं. मग प्लास्टिकचा वेगळा प्रायमर, आणि वर रंगाचे पातळ थर, ओढणीसारखे. त्यातलं धुणं-चोळणं ती दोन दिवस करत होती. आज सकाळी नऊला रंग आणायला गेली, आणि तेवढ्यात हे झालं होतं.

ती दारापर्यंत गेली. मास्तरांची पाठ दिसत होती. ते काहीतरी गुणगुणत होते. गुणगुणत! त्यांच्या नखांत राखाडी गाळ भरलेला होता आणि चेहरा मात्र मोठं काम उरकून आल्यासारखा शांत.

तिच्या मनात जे आलं ते तिला स्वतःलाच आवडलं नाही. मुद्दाम केलं असेल का? अटीची खबर लागलेला टायरवाला काल पान चघळल्यासारखं हसत म्हणाला होता, "वहिनी, मास्तरांच्या मनात कधीचं ठरलंय. नुसतं तुमच्या तोंडून हरल्याचं ऐकायचंय." तेव्हा तिनं त्याला उडवून लावलं होतं. आता तेच वाक्य कानात खिळ्यासारखं रुतलं.

'मामंजी, का केलंत हो असं?' एवढंच विचारायचं होतं. पण विचारलंस की हरलीस. ओठांवर आलेलं तिनं गिळलं आणि आत वळली.

डॉक्टर पाचला येणार होते.

नवा बंपर मिळणार नव्हता. ते मॉडेल बंद होऊन दोन वर्षं झाली होती. सगळाच बंपर घासून गुळगुळीत करावा, तर पुढचा खरखरीत आणि मागचा तुळतुळीत, म्हणजे एका माणसाचे दोन वेगळे जोडे. राहता राहिलं एकच, गेलेला दाणा परत आणायचा. आणि तो कसा आणायचा हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, कारण त्या शेडमध्ये आजवर सगळी मेहनत दाणा घालवण्यासाठीच होत आली होती.

कोपऱ्यात एका मोडक्या गाडीचं प्लास्टिकचं झाकण पडलं होतं. तिनं ते पुढे ओढलं, एक तुकडा घासून गुळगुळीत केला आणि त्यावर सुरुवात केली. आधी जाडसर रंग लावून वर स्पंजनं टिपलं. दिसायला स्पंजनं टिपल्यासारखंच दिसलं. मग खरखरीत कापड दाबून बघितलं. कापडाचे धागे उमटले, चौकोन चौकोन. मग कातडी पाकीट दाबलं. त्याचं शिवणकामही उठलं.

साडेअकरा झाले.

जिन्यावरून सासूबाईंचा आवाज आला. "अगं, चहा ठेवलाय! आणि अहो, तुम्ही आत बघणार नव्हता ना? मग मान का वळत्ये सारखी?"

"मी कुठे बघतोय? मान आखडलीय."

"आखडलेली मान एकाच बाजूला कशी वळते?"

एरवी सूनबाई हसली असती. आता तिनं पुसायचं फडकं हातात पिळून पिळून दोरखंड केला होता. पाकिटाचा ठसा खरवडून काढताना तिला आपल्या शिकाऊ दिवसांची आठवण झाली, ती कुठून आली देव जाणे. तेव्हा तिला रंग फवारायच्या गनची भीती वाटायची. नाकाला फडकं बांधून, हात पूर्ण लांब करून ती गन धरायची, जणू काही ती चावेल. मग रंग हवेतल्या हवेत अर्धा वाळायचा आणि पत्र्यावर भुरभुर पडायचा. हात फिरवला की खरखर. आणि बाहेरून मास्तर गरजायचे, "रवा पाडलास! पुन्हा रवा पाडलास! घास आता!" दोन वर्षं तिनं स्वतः पाडलेला रवा स्वतः घासला होता. दोन वर्षांनी हात जवळ आला आणि रवा बंद झाला.

ती थबकली. खरवडणी खाली ठेवली. मग पळतच कॉम्प्रेसरपाशी गेली.

रंगात थिनर कमी घातलं, जाडसरच ठेवला. हवेचा जोर उतरवला. नाकाला फडकं बांधलं आणि झाकणापासून दोन पावलं मागे सरून, हात पूर्ण लांब करून, गनचा घोडा ओढला. गन खोकल्यासारखी फटफटली. थेंब उडाले, पडले, वाळले. तिनं बोट लावलं.

रवा होता. पण बारीक, धुळीसारखा. तिनं हवा आणखी उतरवली. आता थेंब मोठे पडले, देवी आल्यासारखे. पुन्हा थोडी चढवली. एक हात मारायचा, वाळू द्यायचं, बोट लावायचं, मग पलीकडे जाऊन पुढच्या बंपरला बोट लावायचं, परत यायचं. सातव्या की आठव्या खेपेला ती दोन्हीकडे बोट लावून उभी राहिली आणि तिला क्षणभर कळेना की कोणतं कारखान्यातलं आणि कोणतं आपलं. तेव्हा सव्वाबारा वाजले होते. चहा जिन्याच्या पायरीवर गार होऊन गेला होता.

मग तिनं वेळ घालवला नाही. दोन्ही बंपर पुसले, प्लास्टिकचा प्रायमर मारला, दहा मिनिटं घड्याळाकडे बघत उभी राहिली. उजव्या कोपऱ्यावर पहिला फटफटता हात मारला. मध्ये दाट, कडेला विरळ, म्हणजे जुना दाणा कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला ते दिसू नये. दुसरा हात. तिसऱ्यासाठी तिनं गन उचलली आणि बाहेरून आरोळी आली.

"सूनबाई! गन लांब धरली आहेस!"

मास्तरांना दिसत नव्हतं, पण चाळीस वर्षं त्या गनचा आवाज त्यांच्या कानात मुरलेला होता. हवा कमी, गन लांब, हे त्यांना रस्त्यावर बसून कळलं होतं.

"मामंजी, तुम्ही बोलायचं नव्हतं!"

"अगं पण रवा पडतोय! ऐकू येतंय मला! सगळं नासवशील!"

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. ते उठले होते. दाराची चौकट हातानं चाचपत आत आले, आणि फळीकडे न बघताच फळीवरची टाच त्यांच्या हातात आली. ओल्या रंगाच्या वासाच्या दिशेनं ते सरळ बंपरकडे निघाले. "ओला आहे तोवर पुसून घेऊ. अजून वेळ आहे. पुसून घेऊ पटकन."

"हात लावू नका!"

अकरा वर्षांत सूनबाईनं त्या घरात आवाज चढवला नव्हता. तिनं गन टाकली, मध्ये आली आणि सासऱ्यांचं मनगट घट्ट धरलं. टाच बंपरपासून चार बोटांवर थांबली. वर जिन्यात सासूबाईंची पावलं थबकली.

"सोड," मास्तर म्हणाले.

"नाही सोडत."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी—"

"माझ्याबरोबर या." तिनं मनगट सोडलं नाहीच. तसंच ओढत त्यांना शेडच्या पलीकडच्या टोकाला नेलं, जिथे भिंतीला टेकून डॉक्टरांच्या गाडीच्या दाराखालची प्लास्टिकची पट्टी उभी होती, अजून न रंगवलेली. टाच काढून घेतली आणि त्यांची बोटं त्या पट्टीवर ठेवली. "ही कुणी हात न लावलेली आहे. कारखान्यातून आली तशी."

मास्तरांची बोटं थांबली. मग सावकाश फिरली. पुढे गेली, मागे आली. त्यांनी दुसरा हातही लावला. डोळे तर आधीपासूनच मिटल्यासारखे होते.

"हे खरखरीत आहे," ते म्हणाले.

"हो."

"सगळं?"

"सगळं. मुद्दाम केलेलं असतं. डॉक्टरांना ते तसंच हवंय."

मग मास्तर खाली बघत, अगदी हळू म्हणाले, "म्हणजे सकाळी मी..."

तिनं हातातली टाच फळीवर परत ठेवली.

"तू गेलीस रंग आणायला. मी म्हटलं, नुसता एकदा हात फिरवून बघावा, पोरीनं कसं केलंय. तर सगळीकडे खरखर. मला वाटलं, घाईत घासायचं राहून गेलं. डॉक्टर खोट काढणार, आणि संध्याकाळी तो टायरवाला कागद घेऊन येणार. म्हटलं, गुपचूप घासून ठेवतो. तुला कळणारही नाही. एक कोपरा झाला आणि तुझी पावलं वाजली." ते थांबले. "मीच घातलेली अट. मीच."

राग यायला हवा होता, पण तिच्या डोळ्यांपुढे दिसलं ते एवढंच, की हा म्हातारा आंधळ्यासारखा चाचपडत आत शिरला आणि तिला जिंकवण्यासाठी घाईघाईनं टाच घासत राहिला. आणि आपण काय समजलो? तिची मान खाली गेली.

"मामंजी, दीड वाजलाय," ती म्हणाली. "मला काम आहे."

"मी बाहेर जातो."

"जा... नाही, थांबा. तिसरा हात मारते. वाळला की..." ती अडखळली. विचारायचं नव्हतं ना. "वाळला की मी इथून बाजूला होणार आहे. तेव्हा इथे कुणी येऊन बोट लावलं तर मला काय कळणार?"

मास्तरांच्या ओठांचा कोपरा हलला. "मला काही ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

तिनं तिसरा हात मारला. रंग वाळू दिला. मग ती घोड्यांपासून दूर झाली, आणि आरसेमास्तर पुढे आले. त्यांनी बोटं डाव्या कोपऱ्यापासून सुरू केली आणि उजवीकडे नेली, गोगलगाईच्या चालीनं. मध्ये एकदा मागे फिरले. उजव्या कोपऱ्यावर बराच वेळ राहिले.

"इथे, वळणाच्या खाली," ते हवेत बघत स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "दाणा जरा उंच आहे. नखाला लागतो. करड्या चोथ्यानं एकदाच, हलका. आणि वरच्या कडेला विरळ झालाय. तिथे आणखी एक हात पडला तर बरं. मी कुणाला सांगत नाहीये."

"मी कुणाला विचारलं नाही," सूनबाई म्हणाली.

"वेडे आहात दोघंही," जिन्यातून सासूबाई म्हणाल्या. "जेवायला या म्हटलं तर ते तरी ऐकू येतं का?"

जेवायला कुणी गेलं नाही. अडीचला रंगाचा पहिला पातळ थर गेला, मग दुसरा, मग तिसरा. काळा, पण चकाकणारा नव्हे, ओल्या पाटीसारखा. दर थरानंतर सूनबाई वाकून बघायची, की आता कोपरा फुटून दिसतोय की काय. उजेड बदलला की वाटायचं दिसतोय, परत वाटायचं नाही. चार वाजता दोघांनी मिळून बंपर आणि ती काढलेली पट्टी गाडीला चढवली. एक टोक तिनं धरलं, दुसरं मास्तरांनी. हात न लावायची अट केव्हाच धुळीला मिळाली होती आणि दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते.

डॉक्टर पावणेपाचलाच आले. त्यांच्या मागोमाग, जणू वास लागल्यासारखा, टायरवालाही आला, हातात कागदाची गुंडाळी घेऊन. "मी आपला सहज," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

डॉक्टरांनी खिशातून काय काढावं? दात बघायचा तो लांब दांड्याचा छोटा गोल आरसा! पुढचा बंपर झाला. दाराखालच्या पट्ट्या अजून राखाडीच होत्या, त्या पुढच्या आठवड्यात करायच्या ठरल्या होत्या. मग ते मागे आले आणि गुडघ्यावर बसले. आरसा बंपरच्या खालून फिरला. नख उजव्या कोपऱ्यावर टेकलं. मास्तर खुर्चीत ताठ बसले होते, कान टवकारून. नख कोपऱ्यावरून वळणाखाली गेलं, वर आलं, कडेनं सरकलं आणि पुढे निघालं. मधला भाग. मग डावा कोपरा.

तिथे ते थांबलं.

"हं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पुन्हा नख ओढलं. "ताई, हा कोपरा जरा वेगळा लागतोय. दाणा चपटा आहे इथे. इथे काही केलंत का?"

डाव्या कोपऱ्याला तर कुणीच काही केलं नव्हतं.

"निघाली खोट!" टायरवाला भिंतीपासून सुटला. "मास्तर, सगळ्यांदेखत निघाली. शब्द म्हणजे शब्द. वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही प्रयत्न केलात."

"कसला शब्द?" डॉक्टर गुडघ्यावरूनच बघायला लागले.

सूनबाईकडे एक वाक्य होतं. 'अट मी नाही मोडली, त्यांनी मोडली.' एवढं म्हटलं की संपलं असतं. पण त्याबरोबर सगळ्या रस्त्याला कळलं असतं, की आरसेमास्तरांना आता दिसत नाही, आणि चांगला बंपर त्यांनी खराब समजून घासला. तिनं खाली, जमिनीवरच्या रंगाच्या डागांकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. गुंड्यांचा कारखाना सकाळी साडेसातला सुरू व्हायचा, तेही तिला त्या क्षणी आठवलं.

खुर्ची करकरली. आरसेमास्तर उठून उभे राहिले.

"शब्द असा होता," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पूर्वी रस्त्याच्या टोकापर्यंत जायचा तसा गेला, "की हे काम माझी सून एकटी करेल आणि मी हात लावणार नाही. तिनं मला काही विचारलं तर ती हरली. तिनं विचारलं नाही. आणि मी सकाळी, ती नसताना, चोरासारखा आत गेलो आणि बंपरला हात लावला. मला वाटलं घासायचं राहिलंय. मी घासलं, चांगलं काम खराब केलं. का? तर मला दिसत नाही. दोन वर्षं झाली, नीट दिसत नाही. बोटांवर चाललं होतं, तर आज बोटांनीही दगा दिला. हिनं ते परत उभं केलं, आणि आत्ता माझी अब्रू राखायला तोंड मिटून उभी आहे. तेव्हा शब्द मी मोडला. हरलो तो मी."

टायरवाल्याच्या हातातली गुंडाळी खाली आली. जिन्यात सासूबाईंनी तोंडावर हात धरला होता.

मास्तरांनी कंबरेची किल्ली सोडवायला घेतली. तीस वर्षांची गाठ, ती काही सुटेना. नखं लावली, तरी सुटेना. शेवटी ते वैतागून म्हणाले, "सूनबाई, कापडं कापायची कात्री आण. आणि डॉक्टर, तुम्ही कोणता कोपरा म्हणालात?"

"डावा."

"मी घासला तो उजवा."

डॉक्टर उठले, उजव्या बाजूला गेले आणि पुन्हा बसले. आरसा काढला, नख फिरवलं, चष्मा काढून बघितलं, चष्मा लावून बघितलं. "इथे?" ते म्हणाले. "ताई, इथे मला काहीच सापडत नाही."

"मग डाव्याला काय झालंय?" टायरवाल्यानं विचारलं. त्याला अजून आशा होती.

मास्तर डावीकडे आले, वाकले आणि बोट लावलं. "दुपारी मलाही लागलं होतं हे. रंगाखालचं आहे, जुनं. डॉक्टर, घरी गाडी लावता तिथे डाव्या हाताला भिंत आहे का?"

डॉक्टरांनी आठवून बघितलं. मग त्यांचा चेहरा असा झाला, जसा त्यांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा होत असेल. "आहे," ते म्हणाले. "आणि मी रोज तिला घासतो. बायको सांगते, मी नाही म्हणतो."

सासूबाई पहिल्यांदा हसल्या, मग सगळेच. टायरवाला मात्र "येतो मी" म्हणून निघाला. दाराशी जाऊन तो वळला आणि म्हणाला, "वहिनी, माझ्या गाडीची ती काळी पट्टी पांढरी पडलीय... बघाल का सवडीनं?" त्यानं गुंडाळी काखेत मारली होती.

डॉक्टरांनी गाडी नेली. नेताना फाटकाच्या खांबापासून भलतेच लांबून काढली.

कात्रीनं दोरी कापल्यावर सूनबाईच्या हातात किल्ली आली, ती अजून कोमट होती. फळीवरची टाच मात्र मास्तरांनी उचलून खिशात टाकली. "ही माझी. ही धोक्याची वस्तू आहे, तुझ्याजवळ नको." दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची बाहेरून आत आली, तोंड कामाकडे करून. पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, एक डोळा बऱ्यापैकी सुधारला, तरी दाणेदार प्लास्टिक ते डोळे मिटूनच तपासायचे आणि त्यांच्या बोटांतून सुटलेला बंपर कुठल्या गिऱ्हाइकानं परत आणल्याचं कुणाला आठवत नाही.

एक सवय तेवढी गेली नाही. शेडमध्ये गन लांबून फटफटली, की खुर्चीतून आरोळी यायचीच.

"सूनबाई! रवा पडतोय!"

आणि नाकावरच्या फडक्यातून उत्तर यायचं, "पाडतेय, मामंजी."